सातवी पुडी

टेबलावर तंबाखूच्या सहा पुड्या ओळीने मांडल्या होत्या आणि फिलोमीन मावशी त्यांतल्या एकीलाही हात लावत नव्हती.

मी तिच्या शेजारी बसून आतल्या आत चरफडत होते. कॅनडातल्या आम्हां क्री आदिवासींत जाणत्या माणसाकडे काही मागायचं असलं, गोष्ट असो, औषध असो, साधा सल्ला असो, तर आधी तंबाखू पुढे ठेवायची आणि काय हवं ते सांगायचं. त्याने उचलली की शब्द दिला. नाही उचलली की विषय संपला, मग कितीही गयावया करा. त्या दिवशी विषय संपला असता तर माझी चार वर्षं पाण्यात गेली असती, कारण माझ्या पिशवीत एक फॉर्म होता आणि त्यावर मावशीची सही हवी होती.

फॉर्म क्री भाषेच्या वर्गाचा. आमच्या स्टर्जन बेंडच्या शाळेत शंभरातली ऐंशी मुलं क्री, आणि एकालाही धड क्री येत नाही. चार वर्षं मी शाळांच्या बोर्डामागे हात धुऊन लागले होते. अर्ज केले, भांडले, एकदा तर त्यांच्या साहेबाच्या गाडीपुढे बर्फात उभी राहिले. शेवटी कंटाळून ते म्हणाले, घ्या बाई वर्ग सप्टेंबरपासून, पण शिकवणाऱ्याचं नाव सहीनिशी शुक्रवारपर्यंत द्या. आज बुधवार. आणि गावात शिकवू शकेल असं माणूस एकच उरलेलं. माझ्या आईची धाकटी बहीण, वय वर्षं एक्याऐंशी.

मावशी फोनवर नाही म्हणाली नव्हती. हो पण म्हणाली नव्हती. "आधी मला तुझी माणसं बघू दे," एवढंच म्हणाली, आणि एक अट घातली. मिशनच्या शाळेचं कुणी विचारायचं नाही.

पाद्र्यांच्या त्या निवासी शाळेत मावशीला आणि माझ्या आईला लहानपणी जबरदस्तीने उचलून नेलं होतं. तिथे क्री शब्द तोंडातून निघाला की चामड्याच्या पट्ट्याने मारायचे. आईने तेव्हाच ठरवलं असावं, आपल्या मुलांच्या वाट्याला हे नको. ती आम्हां भावंडांशी जन्मभर इंग्रजीच बोलली. क्री बोलायची ती घरच्या कुत्र्यांशी. अस्तम म्हणजे ये. अपि म्हणजे बस. अवस म्हणजे चल, नीघ. लहानपणी मला त्या कुत्र्यांचा फार हेवा वाटायचा.

तर मावशीला बघायची होती ती ही 'माझी माणसं'. शाळेतले सहा शिक्षक आणि सातवी मी. आमच्या मुख्याध्यापिका, इंग्रिडबाई, यांनी गेल्या शरदात वाचनमंडळ काढलं. एकाआड एक बुधवारी शाळा सुटली की ग्रंथालयात बसायचं, आदिवासींबद्दलचं एक पुस्तक सगळ्यांनी मिळून वाचायचं. सध्या मिशनच्या शाळेत वाढलेल्या एका माणसाच्या आठवणी चालू होत्या. बाई मनाने चांगली, पण पुस्तकात असेल तेच खरं मानणारी. दर दोन पानांनी सगळे माझ्याकडे बघायचे, जसा काही माझ्याकडे खरं-खोटं ठरवायचा शिक्का आहे. मीही मग त्यांची यथेच्छ फिरकी घ्यायचे. एकदा त्यांनी विचारलं, तुमच्याकडे मौनाला काय अर्थ असतो. मी म्हटलं, समोरच्याने लवकर घरी जावं असा.

या मंडळींनी चौथं प्रकरण वाचलं होतं. चौथ्या प्रकरणात तंबाखूची रीत होती. झालं, सहाच्या सहा जण पुडी घेऊन हजर. इंग्रिडबाईंची पुडी लाल कापडात, वर सोनेरी रिबीन. प्राथमिकच्या दोघी जणींच्या दोन पुड्या सारख्याच निळ्या कापडात, गणिताच्या सरांची पिवळ्या. टेसाची पुडी हाताने शिवलेल्या पिशवीत. ही टेसा ओंटारिओहून ऑगस्टमध्ये आलेली, सव्वीस वर्षांची, पुस्तकाच्या प्रत्येक पानावर खुणा करणारी. तिने घरी आमची बॅनक नावाची जाड रोटीसुद्धा भाजून आणली होती. मावशीने तिचा तुकडा चहात बुडवला, बराच वेळ धरला, मग पुन्हा बुडवला.

"घ्या ना, आजी," इंग्रिडबाई पुड्यांकडे हात करून म्हणाल्या.

मावशी म्हणाली, "कशासाठी आणलीय ते तर कळू दे."

घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पाचला मावशीची सून रोडा ट्रक घेऊन न्यायला येणार होती, आणि रोडा कुणासाठी थांबत नाही.

एकेक जण सांगू लागला. इंग्रिडबाई उभ्या राहिल्या आणि वर्गाबद्दल बोलल्या. मुलांना तुमची भाषा मिळावी, तुम्ही शिकवावं, एवढंच मागणं आहे, असं नीट, दोन वाक्यांत. खरं सांगते, मला बरं वाटलं. प्राथमिकच्या दोघींना लहान मुलांसाठी गोष्टी हव्या होत्या. गणिताच्या सरांना आमची जुनी मोजणी. मावशी मान हलवत ऐकत होती, हात मांडीवरच.

मग आला ऑरेस्ट. हा सुतारकाम शिकवतो, वडलांकडून युक्रेनी, हाताची बोटं साडेनऊ. पुस्तकाचं त्याने पहिलं पानही उलटलेलं नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणाला, "माझं काही नाही बुवा. सगळे आणणार म्हणाले, म्हणून पेट्रोलपंपावरून आणली. तुम्ही ओढत असाल तर ठेवा."

मावशी हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझाही जीव जरा खाली आला. वाटलं, जमलं. आता ती बाईंची पुडी उचलेल, मी फॉर्म काढेन, सही होईल. मी पिशवीची चेनसुद्धा उघडली.

राहिली होती टेसा. तिने ते पुस्तक छातीशी धरलं होतं आणि तिचे डोळे आधीच भरलेले होते.

"आजी," ती म्हणाली, "सहाव्या प्रकरणात स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मुलींचं आलंय. त्यांना काय काय सोसावं लागलं ते. तुम्ही पण तिथे होतात ना? मला दोन दिवस अन्न गेलं नाही. तुमच्यावर काय गुजरलं ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

इंग्रिडबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मावशीची अट मी त्यांना सांगितली होती, त्यांनी सोमवारच्या बैठकीत सगळ्यांना सांगितली होती, आणि सोमवारी टेसा तापाने घरी होती. तिला वेगळं सांगायचं कुणाला सुचलंच नव्हतं. मलाही नाही.

मावशीने कप बशीत ठेवला. अगदी हळू, आवाज न करता. ती रागावली असती तर मला चाललं असतं. ती नुसती लहान झाल्यासारखी दिसली, खुर्चीत मागे सरकलेली. मग म्हणाली, "बर्निस, माझा कोट कुठाय?"

माझं डोकंच फिरलं. मी ताडकन उठले आणि टेसावर तोंडाचा पट्टा सोडला. म्हटलं, सहा महिने पुस्तकं वाचून हीच अक्कल आली का? रंगीत कापडात तंबाखू बांधली म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या जखमेत बोट घालायचा परवाना मिळाला? तुला रडायला आलं तर घरी जाऊन रड, माझ्या मावशीला कशाला त्यात ओढतेस? आणखीही बरंच बोलले, ते इथे सांगण्यासारखं नाही. टेसाने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाई मध्ये पडू बघत होत्या, त्यांनाही मी दोन शब्द सुनावले. सगळ्या हिवाळ्याची वाफ होती ती.

"बर्निस," मावशी म्हणाली. "खाली बस."

मी बसले नाही. म्हटलं, "तू चल मावशी, मी सोडते घरी. यांच्याच्याने हे होणार नाही."

"या पोरीने नको ते विचारलं," मावशी म्हणाली. "पण रीतीने विचारलं. पुढ्यात तंबाखू ठेवली, काय हवं ते तोंडाने सांगितलं. म्हणून मला 'नाही' असं म्हणता येतंय. ती तंबाखू मी उचलणार नाही, आणि हिला ते कळेल." मग तिने माझ्याकडे बघितलं. "तू काय आणलंस?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "मी? मावशी, मी तुझी भाची आहे."

"म्हणूनच विचारते. फोन केलास आणि म्हणालीस, मावशी, बुधवारी ये, एक सही करायचीय. जशी काही मी तुझ्या फडताळातली वस्तू. या सहा परक्या माणसांनी मला नाही म्हणायला जागा ठेवली. तू नाही ठेवलीस. लहानपणी मला घेऊन गेले, तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं."

त्यापेक्षा कुणी चारचौघांत माझ्या थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी हिवाळाभर वेचत बसले होते, आणि माझ्या डोळ्यात हे एवढं मुसळ. त्या सहा जणांसमोर मी रीतीभाती जाणणारी, शिक्का मारणारी. आणि सातांत एकटी रिकाम्या हाताने आलेली मीच.

मी पुटपुटले, "वर्ग हवाय गं. मुलांसाठी."

"तो या बाईंना हवाय. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. तुला काय हवंय?"

चार वर्षं मी एवढे अर्ज लिहिले, प्रत्येक अर्जात मुलांना हवंय, समाजाला हवंय, पुढच्या पिढीला हवंय. मला हवंय, असं एकाही अर्जात नव्हतं. मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाचला तेरा कमी. मग तिने खुर्चीच्या पाठीवरचा आपला कोट स्वतःच ओढला आणि एक हात बाहीत घातला.

मी तशीच पळाले. कोट नाही, टोपी नाही. मार्च महिना असला तरी तळं अजून गोठलेलंच होतं आणि वारा थेट त्यावरून येत होता. रस्ता ओलांडला की पेट्रोलपंप. काउंटरवर ल्यूसिल, माझी शाळेतली मैत्रीण, आणि तिच्यापुढे एक गृहस्थ लॉटरीची तिकिटं निवडत होता, जणू त्याला जन्म पडलाय. शेवटी मी त्याला म्हटलं, दादा, नशीब असेल तर कुठल्याही तिकिटात असेल, बाजूला व्हा.

"तंबाखूची पुडी दे," मी ल्यूसिलला म्हटलं.

ल्यूसिलने हात कमरेवर ठेवले. "आधीच साखर, वर आता हे व्यसन? तुझ्या नवऱ्याला माहितीय का?"

"ल्यूसिल, तुझ्या पाया पडते, दे लवकर."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचा विनोद गिळला. पुडी काढून दिली, वर स्वतःची शाल माझ्या खांद्यावर टाकली. माझे दात वाजत होते, ते थंडीने की कशाने, कोण जाणे.

परत आले तर शाळेच्या दारात रोडाचा ट्रक उभा, इंजिन चालू. ती पाचच्या आधीच आली होती, त्या दिवशी नेमकी. ग्रंथालयाच्या दारात मावशी उभी होती. कोट घातलेला, बटणं लावलेली, काठी हातात. तिच्यामागे इंग्रिडबाई, ऑरेस्ट, बाकीचे. कोपऱ्यात टेसा, नाक लाल झालेलं. टेबलावर सहा पुड्या होत्या तशाच.

माझ्याकडे कापडही नव्हतं. प्लॅस्टिकची पुडी, तिच्यावर काळ्या पडलेल्या फुफ्फुसाचं चित्र. मी ती दोन्ही हातांवर घेऊन मावशीपुढे धरली.

"कापड नाही," मी म्हटलं.

"नसू दे. बोल."

बोलायला हवं होतं क्रीमध्ये. आणि तेवढी क्री मला येत नव्हती, तेच तर सगळं दुखणं होतं. त्या सहा जणांसमोर ते कबूल करायची मला लाज वाटत होती, मेल्याहून मेल्यासारखी. हिवाळाभर ज्यांची टर उडवली, त्यांना वाटत होतं की मला येते. मीच त्यांना तसं वाटू दिलं होतं.

"मावशी, मला येत नाही," मी इंग्रजीत म्हटलं. "मला फक्त आई कुत्र्यांशी बोलायची तेवढंच येतं. पंचावन्न वर्षांची झाले. आई गेली त्या दिवशी ती दोन तास क्रीत काहीतरी बोलत होती, माझा हात धरून, आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मुलांचं राहू दे. मला शिकव. नसेल शिकवायचं तर नको शिकवू, मी पुन्हा विचारणार नाही."

बाहेर रोडाने हॉर्न वाजवला.

मावशी पुडीकडे बघत राहिली. त्या फुफ्फुसाच्या चित्राकडे बघत होती की माझ्या हातांकडे, कळत नव्हतं. रोडाने दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. ऑरेस्ट हळूच म्हणाला, मी जाऊन सांगतो तिला, आणि बाहेर पडला. रोडाशी वाद घालायला जाणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

मावशीने काठी भिंतीला टेकवली. माझ्या हातांवरून पुडी उचलली आणि कोटाच्या खिशात ठेवली.

इंग्रिडबाईंनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. मी फॉर्मकडे बघितलंसुद्धा नाही.

मावशी टेबलाकडे वळली. बाईंची सोनेरी रिबिनीची पुडी तिने उचलली आणि दुसऱ्या खिशात टाकली. "आधी ही शिकेल," माझ्याकडे बोट करून ती बाईंना म्हणाली, "मग पोरं. एक्याऐंशीची आहे मी, वर्गात माझ्या हाताशी कुणीतरी नको का? कागद कुठाय तो?" गोष्टींच्या आणि मोजणीच्या पुड्या तिने ज्यांच्या त्यांना परत दिल्या, पुढच्या हिवाळ्यात आणा म्हणाली, आमच्यात गोष्टी बर्फ पडल्यावरच सांगतात. ऑरेस्टची तिने ठेवून घेतली. ती ओढायला.

टेसाची पिशवी तिने हातात घेतली, टाके बघितले, आणि टेसाच्या तळहातावर ठेवली. "छान शिवलीय. जपून ठेव. वर्षभर माझ्याबरोबर मासे साफ कर, चहा पी. मग वाटलं तर विचार. तेव्हाही मी नाही म्हणेन कदाचित." टेसाने नुसती मान हलवली. मी तिच्याजवळ जाऊन माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण झापलंही सगळ्यांसमोरच होतं. ती म्हणाली, चुकलं माझंही. पण माझ्याकडे तिने अजून नीट बघितलं नव्हतं, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

मावशीने कोटाची बटणं काढली. तो पुन्हा खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बसली. बाहेर ट्रकचं इंजिन बंद झालं. ऑरेस्टने काय जादू केली देव जाणे.

मी अजून उभीच होते, ल्यूसिलची शाल गुंडाळून.

मावशीने शेजारच्या खुर्चीवर दोनदा हात आपटला.

"अस्तम," ती म्हणाली.

मी गेले.

"अपि."

या दोन शब्दांनी कुणी मला आजवर हाक मारली नव्हती. मी बसले, आणि बाकीचे पण मुकाट्याने खुर्च्या ओढून बसले.